गोदाकाठची पंगत

गोदावरी हे नाव कानी पडताच आपल्या मनश्चक्षूंपुढे त्र्यंबकेश्वराचे कुशावर्त, नाशिकची पंचवटी, पैठणचा आणि नांदेडचा घाट उभा राहतो. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात लक्षावधी भाविक तिच्या पाण्यात बुडी मारून कृतार्थ होतात. परंतु याच गोदेच्या काठी दरसाल आणखी एक मेळा भरतो. त्याचा मुहूर्त कोणत्याही पंचांगात दिलेला नसतो. त्याचे यात्रेकरू लडाख आणि तिबेटच्या पठारांवरून, सायबेरियाच्या गारठलेल्या मैदानांवरून येतात. ते तिकीट काढीत नाहीत, धर्मशाळेत उतरत नाहीत आणि परत जाताना कुणाचा निरोपही घेत नाहीत. हे यात्रेकरू म्हणजे पाणपक्षी, आणि त्यांचे क्षेत्र म्हणजे नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असलेले नांदूर मध्यमेश्वर.

पांढुर्णा आणि सौंसरच्या विद्यार्थ्यांस वाटेल की, इतक्या दूरच्या त्या जागेशी आपले नाते काय? त्यांनी भूगोलाचा नकाशा उघडून पाहावा. आपली जाम नदी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीच्या कुशीत शिरते. म्हणजे नांदूर मध्यमेश्वराजवळून निघालेले पाणी आणि आपल्या पुलाखालून गेलेले पाणी शेवटी एकाच प्रवाहात मिसळते. नात्याने पाहू जाता आपण त्या पक्ष्यांचे यजमान नसलो, तरी यजमानांचे भाऊबंद खासच आहोत.

गतवर्षी नाताळच्या सुटीत आम्ही त्या तीर्थाची यात्रा केली. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पहाटे चापडगावच्या बाजूने पाण्याकडे जाताना त्या प्रसिद्धीत अतिशयोक्ती नाही याची खात्री बोटांच्या अग्रांनी आम्हांस करून दिली. सोबतीला गावातला एक तरुण मार्गदर्शक होता. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती आणि जिभेवर दोनशे पक्ष्यांची नावे होती. पुस्तकातून आम्ही जे शिकलो होतो, ते तो बांधावरून शिकला होता.

या जागेची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. इगतपुरी व त्र्यंबकच्या डोंगरात धो धो कोसळणारा पाऊस निफाडपर्यंत पोहोचता पोहोचता थकून जातो, कारण हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. शेतीला पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ एक दगडी बंधारा बांधण्यात आला. त्यातून निघालेल्या दोन कालव्यांनी निफाडपासून कोपरगाव, राहात्यापर्यंतची जमीन भिजू लागली. बांधणाऱ्यांच्या मनात पिके होती, पक्षी नव्हते. परंतु नदी केवळ पाणी आणीत नाही, ती माती आणते. दर पावसाळ्यात थोडा थोडा गाळ बंधाऱ्यामागे बसत गेला. कुठे उथळ पाणथळ झाली, कुठे चिखलाची मैदाने झाली, कुठे लहान लहान बेटे वर आली. ज्या गाळाने पाण्याचा साठा घटल्याची खंत अभियंत्यास वाटावी, त्याच गाळाने पाखरांसाठी अन्नछत्र उघडले.

१९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. लोक त्यास कौतुकाने 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. पुढे जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून त्याची घोषणा झाली. रामसर हे इराणमधील कास्पियन समुद्राकाठचे गाव. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी अनेक राष्ट्रांनी पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार केला आणि १९८२ साली भारत त्यात सामील झाला. नांदूर मध्यमेश्वरचे रामसर क्षेत्र १४३७ हेक्टरांचे आहे. तेवढ्या जागेत वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद झालेली आहे. आपल्या शाळेच्या पटावरील विद्यार्थ्यांची नावे पाठ करताना आमची त्रेधा उडते. मग या पटाची काय कथा!

सूर्य उगवला, धुके विरळ झाले आणि मनोऱ्यावरून जे दृश्य दिसले त्यास पंगत हाच शब्द योग्य वाटतो. मोठ्या लग्नात शेकडो पाने मांडलेली असतात, प्रत्येकजण आपापल्या पाटावर बसून जेवतो आणि कुणी कुणाच्या पानात हात घालीत नाही. तद्वत येथे चालले होते. फरक इतकाच की येथील पाट पाण्याच्या खोलीवरून ठरलेले आहेत.

अगदी काठच्या ओल्या चिखलात तुतवार लगबगीने फिरत होते आणि चोचीने किडे टिपीत होते. त्यापुढे वीतभर पाण्यात शेकाट्या उभा होता. त्याचे गुलाबी पाय इतके लांब आणि इतके बारीक की, देहाला काठ्या बांधून तो जत्रेत आला आहे असे वाटावे. आणखी पुढे चमचा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालला होता. शेतकरी विळ्याने गवत कापतो तशी ती लय होती. त्याच्या शेजारी चित्रबलाक म्हणजे रंगीत करकोचा अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून निश्चल उभा होता. तो एका पायाने गाळ ढवळतो आणि मासा चोचीला लागला रे लागला की ती मिटते. त्यासाठी त्यास डोळ्यांची गरज भासत नाही. स्पर्शच पुरेसा होतो. मुग्धबलाकाच्या दोन चोचींमध्ये फट असते. आम्हांस प्रथम ते व्यंग वाटावे, परंतु गोगलगायीचे शिंपले पकडून त्यातील जीव काढण्यास तीच फट उपयोगी पडते.

मध्यभागी बदकांची दाटी होती. थापट्या बदकाची चोच पळीसारखी रुंद असते आणि तिच्या कडेला बारीक फणी असते. त्या फणीतून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. तलवार बदक डोके खाली आणि शेपूट वर करून तळचे कंद व बिया शोधते. टिबुकली आणि पाणकावळा थेट बुडी मारून मासा गाठतात. खंड्या फांदीवरून झेप घेतो, तर नदी सुरय आकाशातून सूर मारते. एकच तळे, परंतु प्रत्येकाचे ताट निराळे. पायाच्या लांबीत, चोचीच्या आकारात आणि जेवणाच्या रीतीत जो फरक पडतो, त्यामुळे इतके जीव भांडण न करता एकत्र नांदू शकतात. विविधता हा केवळ शोभेचा अलंकार नसून ती सहजीवनाची व्यवस्था आहे, हे तेथे जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही ग्रंथात आम्हांस दिसले नव्हते.

या साऱ्यांत आमचे लक्ष वेधून घेतले ते एका काळ्या पक्ष्याने. अंग काळेभोर आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. मराठीत त्याचे नाव वारकरी. ज्याने हे नाव दिले, त्या अनामिक खेडुताला आम्ही मनोमन हात जोडले. हे पक्षी शेकडोंनी एकत्र पोहत होते. जणू आषाढीची दिंडीच पाण्यावर उतरली होती. इतक्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वेताच्या बनावरून संथ फेरी घालू लागला. क्षणार्धात सारे वारकरी एकमेकांस चिकटून गोळा झाले आणि एकच कोलाहल माजला. गडबड करणाऱ्या वर्गात मुख्याध्यापक शिरले म्हणजे जे घडते, त्याचीच आम्हांस आठवण झाली.

पक्ष्यांच्या थाटामाटात वनस्पतींकडे पाहण्याचे राहून जाते. परंतु पंगतीचा स्वयंपाक त्याच करतात. पाण्याखाली शेवाळ आणि पाणगवते असतात. ती सूर्यप्रकाश खाऊन प्राणवायू सोडतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. काठाजवळ लव्हाळे आणि पाणकणीस उभे असते. त्यांच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी घरटे बांधते. ही पाणकोंबडी कोवळा देठ उपटून तो पायाच्या पंजात माणसासारखा धरते आणि सावकाश सोलून खाते. तरंगत्या पानांवरून कमळपक्षी चालतो. त्याची बोटे इतकी लांब असतात की, भार विभागला जाऊन पान बुडत नाही. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि ती उबवून पिले वाढविण्याचे काम नर करतो, हे ऐकून आमच्यासोबतच्या एका गृहिणीने आपल्या यजमानांकडे जो कटाक्ष टाकला, तो येथे वर्णन न केलेलाच बरा. काठावर बाभूळ, करंज, जांभूळ, चिंच, कडुनिंब ही आपल्या परिचयाची मंडळी आहेत. त्यांवर बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची वस्ती असते. रामसरच्या नोंदीत चंदनाचेही नाव आहे.

प्राण्यांत मुंगूस, कोल्हा, उदमांजर आहेत. उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर आहे. त्याच नोंदीत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक अगदी लहान मासा आहे. बिबट्याचे नाव घेतले की सारे कान टवकारतात. या माशाचे नाव घेतले तर कुणी मागे वळूनही पाहणार नाही. परंतु जगातून कायमचा नाहीसा होण्याचा धोका बिबट्याहून या माशाला अधिक आहे. लांब चोचीची व पांढऱ्या पाठीची गिधाडे ही याच यादीत येतात. आमच्या लहानपणी गावकुसाबाहेर दिसणारी गिधाडे पुढे दिसेनाशी झाली, याचे कारण गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध होते. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. एका गोळीने आकाश रिकामे होऊ शकते, हा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आमची मायबोली कोकणी असल्यामुळे पाण्याकाठी उभे राहिले की मन आपोआप मांडवीकडे धावते. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ पासून डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे जाता येते. ते जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे आहे; परंतु तेथील पाणी खारे आणि म्हणून तेथील संसारही निराळा. भरतीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभी असलेली खारफुटी ओहोटीला चिखलातून आपली श्वासमुळे वर काढते आणि त्या चिखलात निवट्या उड्या मारतात. गोव्यातील खाजन शेतीत पूर्वजांनी बांध घालून आणि मानस बसवून खाऱ्या पाण्याला आत किती येऊ द्यावयाचे व केव्हा, हे ठरविले होते. त्यांनी भात घेतले, मासे घेतले आणि बगळ्यांनाही वाटा मिळाला. गोड्या पाण्याची गोदा आणि खाऱ्या पाण्याची मांडवी यांत एक साम्य आम्हांस दिसते. दोन्ही ठिकाणी माणसाचा हात पाण्याला लागला आहे. माणसाचा स्पर्श निसर्गास नेहमी विटाळतोच असे नाही. तो हात किती समंजस आहे यावर सारे अवलंबून असते.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. नांदूर मध्यमेश्वरचे पाणी शेतीसाठी अडविलेले आहे. कालव्याला आवर्तन केव्हा सोडावयाचे हे पिकांच्या गरजेवरून ठरते. पाणी फार चढले तर चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकण्यास जागा उरत नाही. एकदम उतरले तर बुडी मारणाऱ्यांची उपासमार होते. सारा गाळ उपसला तर पाणथळ नाहीशी होईल. काहीच न उपसता सोडून दिले तर ती भरून येईल आणि तेथे बाभळींचे रान माजेल. वरच्या अंगास नाशिकसारखे मोठे शहर आहे. सांडपाण्यातून आणि शेतातील खतांतून जे पोषण नदीत येते, त्यावर जलपर्णी फोफावते. दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वनस्पती बंगालमध्ये आली आणि देशभर पसरली. तिची निळी-जांभळी फुले पाहून कवीने भुलावे. परंतु तिच्या गालिच्याखाली प्रकाश पोहोचत नाही आणि पाण्यातील प्राणवायू कमी होतो. आपल्याकडे ओढ्याकाठी जी बेशरम माजते, तिचीच ही पाण्यातील बहीण समजावी. मौज अशी की, याच जलपर्णीवरून कमळपक्षी चालतात. म्हणून तिचा नायनाट करतानाही विचार लागतो.

परत येताना बांधावर एक वयस्क शेतकरी भेटले. आम्ही पक्ष्यांचे गुण गाऊ लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पाखरं बघायला मोटारी येतात. पण हरभरा उगवला की रातच्याला आमच्या वावरात कोण उतरतं, ते बघायला कुणी येत नाही."

आम्ही विचारले, "मग दादा, ही पाखरे येऊ नयेत असे वाटते काय?"

ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "तसं कसं म्हणावं? माझ्या बापाच्या वेळेपासून येतात ती. यायची थांबली, तर पाण्याचं काहीतरी बिघडलं असं समजायचं. पण आमचा तोटा कुणी तरी मांडला पाहिजे का नको?"

या प्रश्नाला होकाराखेरीज उत्तर नाही. ज्याच्या शेतातून पंगतीचे धान्य जाते, त्याचे नाव यजमानांच्या यादीत असलेच पाहिजे. गावातील तरुणांना मार्गदर्शकाचे काम मिळते ही चांगली सुरुवात होय. परंतु अभयारण्य टिकावयाचे तर ते काठच्या माणसाच्या मनात आधी टिकले पाहिजे. पक्ष्यावर प्रेम करणे शहरातील माणसास सोपे आहे. हरभरा गमावूनही जो 'तसं कसं म्हणावं' म्हणतो, त्याचे प्रेम अधिक मोलाचे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या जाम नदीचे नाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक आहे ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये नदीत पळसाचे झाड रोवले जाते, दोन्ही काठांवरून दगड येतात, माणसे जखमी होतात आणि त्याची छायाचित्रे देशभर जातात. वर्षाच्या त्या एका दिवशी साऱ्यांची दृष्टी जामवर खिळलेली असते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिच्याकडे कोण पाहतो? हिवाळ्यात तिच्या गोट्यांवर शेपूट वरखाली हलवीत फिरणारा पांढरा धोबी पक्षी आपण सर्वांनी पाहिला असेल. तो येथला नव्हे. थंडी पडताच हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून तो आपल्याकडे येतो. म्हणजे आपल्या पुलाखालीसुद्धा परदेशी पाहुणे उतरतात आणि आपण वरून सायकल दामटीत निघून जातो! बगळा, खंड्या, टिटवी, वंचक ही तर घरचीच मंडळी.

कुणी म्हणेल, गावतळ्यातल्या चार बगळ्यांनी काय होणार? त्यास आमचे उत्तर असे की, आपल्या संत्र्याच्या बागा विहिरींवर जगतात आणि विहिरी पाझरावर जगतात. ज्या तळ्यात पाणी मुरते, त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यात अधिक काळ टिकतात. पडीक समजून जे तळे आपण बुजवितो, केरकचरा टाकून भरून काढतो, ते बागेच्या मुळाशीच असते. तळ्याकाठचा बगळा हा त्या पाण्याचा पहारेकरी आहे. तो उडून गेला, तर आपणही सावध झाले पाहिजे.

२०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याची गावे, शाळा, रस्ते या साऱ्यांची मोजदाद सरकार करीलच. आपल्या पाण्याची आणि पाखरांची मोजदाद मात्र आपण करू शकतो. आपल्याच सातपुड्यातील तवा जलाशयाला २०२४ साली रामसर यादीत स्थान मिळाले. त्याआधी तेथेही कुणीतरी वही घेऊन उभे राहिलेच असेल. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते आणि तीत सामान्य नागरिकही भाग घेतात. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. पहाटे उठण्याची तयारी, शांत उभे राहण्याची सवय आणि खरे तेवढेच लिहिण्याचा प्रामाणिकपणा एवढे पुरते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आमची एक विनंती आहे. गलोल घरी ठेवा आणि वही हाती घ्या. आपल्या गावचे तळे, आपला ओढा, जाम किंवा कन्हान यांपैकी एक जागा निवडा. आठवड्यातून एकदा तेथे जाऊन तारीख, पाणी किती आहे, काठावर कोणती झाडे व गवते आहेत आणि कोणते पक्षी किती दिसले, हे लिहून ठेवा. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल तर आजोबांना विचारा. मराठीत सांगोत, हिंदीत सांगोत वा गोंडीत सांगोत, जसे सांगतील तसे लिहा. आजोबांबरोबर ती नावेही जाऊ लागली आहेत. नकाराचीही नोंद करा. 'आज एकही पक्षी दिसला नाही' हे वाक्य पुढे फार महत्त्वाचे ठरू शकते.

येत्या २ फेब्रुवारीस, जागतिक पाणथळ दिनी, या वह्या आम्ही वर्गात एकत्र वाचणार आहोत. त्यांतून जी यादी तयार होईल, ती याच वार्षिकाच्या पुढील अंकात मुलांच्या नावांसह छापली जावी अशी आम्ही संपादक मंडळाला विनंती केली आहे. पाने किती लागतील हे जामच्या काठावर अवलंबून आहे.